दर पंधरा मिनिटांनी

सोहारला रात्री दोन वाजताही
खिडकीची काच हाताला गरम लागते.
आमच्या वॉर्डच्या खिडक्या उघडत नाहीत.
उघडल्या असत्या तरी बाहेर वारा नाही,
बंदराचे दिवे आहेत फक्त,
आणि आत शिरायला रांगेत थांबलेली जहाजं.

खोली चार. बशीर मुकादम, वय एक्केचाळीस,
मूळ गाव हर्णै, क्रेन ऑपरेटर.
मागच्या सोमवारी नऊ तास केबिनमध्ये बसून राहिला,
चाळीस मीटर वर.
खाली फोरमन, भोंगा, पोलिसांची गाडी.
शेवटी त्याच्या खोलीतला एक बिहारी पोरगा
शिडी चढून गेला आणि म्हणाला,
चलो चाचा, चाय ठंडी हो रही है.
तेव्हा उतरला.

मिरजेला शिकत होते तेव्हा दळवी मेट्रन म्हणायच्या,
'का' दाराबाहेर काढून ठेवायचा, चपलेसारखा.
अकरा वर्षं काढून ठेवतेय.
कधी कधी परत जाताना सापडत नाही.

पहिल्या रात्री पायजम्याची नाडी काढून घेतली,
बुटांच्या लेस, चार्जरची वायर.
गळ्यातला काळा दोरा कापला
आणि ताईत चिकटपट्टीने मनगटावर लावून दिला.
हे कुठल्या नियमात बसतं, शीबाने विचारलं.
माहीत नाही, म्हटलं, चिकटपट्टी कागदाची आहे.

सहा दिवस तो बोलला नाही.
दर पंधरा मिनिटांनी मी दाराच्या काचेतून बघते,
तक्त्यावर लिहिते: जागा. जागा. कुशीवर, जागा.
आत जाऊन खुर्चीवर बसते थोडा वेळ.
गप्प बसणं हेही काम आहे,
त्याचे पाय दुखतात, कुणाला पटत नाही.

सातव्या रात्री म्हणाला,
वायरलेस बंद केला तरी बोलत होता गो.
मी म्हटलं, मला तो ऐकू येत नाही, बशीरभाई.
पण तुम्ही घाबरलायत, ते दिसतंय.
बराच वेळ त्याने माझ्याकडे पाहिलं,
वजन झेपेल का, असं बघतात तसं.

गोळी दिली. जीभ वर करा. गाल दाखवा.
लगेच गुण येणार नाही, सांगितलं,
दोन-तीन आठवडे जातील,
त्याआधी तोंड कोरडं पडेल, झोप जड येईल.
खिडकीकडे बघत म्हणाला,
म्हणजे आली आहे, पण नांगर टाकून उभी आहे.
मी डॉक्टर थुरैयांना हे वाक्य सकाळी
अरबीत सांगायला गेले, अर्धंच जमलं.

काल पहाटे चारला श्वास लागला त्याला.
छातीवर हात, डोळे छताला.
खोलीतल्या पाच गोष्टी मोजा म्हणायचं असतं.
पण खोलीत पाच गोष्टी आम्हीच ठेवलेल्या नाहीत.
म्हटलं, हर्णैच्या लिलावातले पाच मासे सांगा.
सुरमई, म्हणाला. श्वास.
बांगडा. श्वास.
हलवा.
मग पुष्कळ वेळ काही नाही, एसीची घरघर.
बोंबील.
पाचवा सुचेना. हात मात्र छातीवरून खाली आला होता.

तुला झोप लागते काय गो? त्याने विचारलं.
स्वतःबद्दल बोलायचं नसतं, तेही शिकवलेलं आहे.
दिवसा, म्हटलं. पडदा लावून. लेकाचा फोन झाला की.
लेकाला मी रोज सांगते, मजेत आहे.
पेशंटने असं म्हटलं तर मी खुर्ची पुढे ओढते.

पाचवा उद्या सांगतो, म्हणाला,
आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

तक्ता इंग्रजीत भरायचा असतो.
चार पंचेचाळीसच्या रकान्यात मी देवनागरीत लिहिलं
उद्या
आणि खाली सही केली.
सात वाजता शीबाने बोट ठेवून विचारलं, हे काय?
सांगितलं, आणि आज रात्रीची पाळी मागून घेतली.
पापलेट असणार.
मी सांगणार नाहीये.